पाठ केलेलं दुखणं

१

बायकांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर तापाची एक बाई इंजेक्शन घेऊन आडवी झाली, आणि चहाची किटली वॉर्डभर फिरून परत जाईपर्यंत ती गेलीसुद्धा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. नर्स ओरडत धावली, डॉक्टर आले, उताऱ्याचं औषध टोचलं, पण तोवर उशीर झाला होता.

असं काही झालं की त्या हॉस्पिटलला माझी आठवण होते. विमा कंपनीसाठी लोकांचे खरे-खोटे आजार तपासण्यात माझा जन्म गेला. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, पण नाक शाबूत आहे. पाठीमागे लोक मला ‘खोदकाम’ म्हणतात. समोर म्हणा की, पण निदान चहा पाजून म्हणा, असं मी त्यांना सांगत असते.

अधीक्षकांनी चहा पाजला नाही. “प्रकरण सरळ आहे,” ते म्हणाले. “नर्सनं आधी थोडं टोचून, सोसतंय का ते बघितलं नाही. शुक्रवारी समिती बसेल, तिला काढून टाकेल, परवानाही जाईल. तुम्ही फक्त बघून घ्या आणि सही करा.”

सरळ प्रकरणावर सही करायला कोणी मला बोलावत नाही. मी आधी शवागारात गेले. समिती बसेपर्यंत मयत तिथंच ठेवली होती.

चेहरा बघवत नव्हता, इतका सुजला होता. त्यामुळे मी हात बघितले. ही माझी जुनी खोड आहे. बोटांच्या बेचक्या पाण्यानं कुजल्यासारख्या पांढऱ्या, तळव्यांना भेगा, नखं बारीक कापलेली, गुळगुळीत. तिच्या हॉस्पिटलच्या कार्डावर लिहिलं होतं, शिलाई कारखान्यात मशीनवर कामाला. घरची धुणीभांडी कोणत्या बाईला चुकली आहेत, असं म्हणून मी चादर वर ओढली.

बाहेर बाकावर नर्स बसली होती. पन्नाशीची, वेणी घट्ट घातलेली, गणवेश काढून घेतल्यामुळे साध्या साडीत अवघडलेली. मला बघून ती उभी राहिली.

“बाई, मी विचारलं होतं तिला,” ती म्हणाली. “ती हो म्हणाली होती.”

२

नर्सला मी कॅन्टीनच्या कोपऱ्यात नेलं. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई. लग्न राहून गेलेलं. पगार थांबला तर म्हातारीचं औषधही थांबणार. हे तिनं रडून सांगितलं नाही, मीच विचारून काढलं.

“काय विचारलंस तू तिला?”

“हे इंजेक्शन पूर्वी घेतलंय का? हो म्हणाली. त्रास झाला होता का? नाही म्हणाली. फाइलमध्येही तेच होतं. आधी घेतलेलं असलं की आमच्याकडं पुन्हा टोचून बघत नाहीत, बाई. नियम वेगळा आहे, मला माहीत आहे. पण एकटी नर्स आणि आख्खा वॉर्ड.”

“कशी होती बोलायला?”

नर्सच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. “हुशार. आमचे पेशंट कसे असतात? काय झालं होतं म्हटलं की म्हणतात, झालं होतं कायतरी, पोटात की छातीत, धाकट्याच्या वेळी की थोरल्याच्या वेळी. हिनं धडाधडा सांगितलं. वय, नवऱ्याचं नाव, मागचे आजार, कोणत्या साली काय. अंगात फणफणून ताप असताना. पाढे म्हणावेत तसं.”

नर्स खोटं बोलत नव्हती, पण ते काही कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं.

मग औषधभांडारवाला. पोट सुटलेला, मनगटावर नवंकोरं घड्याळ, आणि मी खुर्चीत टेकायच्या आत “बाई, माझा माल चोख आहे” म्हणणारा. माल चोख नव्हता. थोडा मागच्या दारानं बाहेर जात होता, हे मला त्याच्या घामावरूनच कळलं. पण ज्या खोक्यातली बाटली त्या बाईला लागली, त्याच खोक्यातल्या बाटल्या इतर खाटांवरही गेल्या होत्या, आणि त्या बायका खडखडीत बऱ्या होऊन जेवणाला नावं ठेवत होत्या. त्याची चोरी वेगळी, हा मृत्यू वेगळा. त्याच्याबद्दल एक ओळ लिहून ठेवली आणि त्याला घाम पुसायला सोडलं.

डॉक्टर अगदी कोवळा होता. त्यानं फाइल बघून औषध लिहिलं होतं. कोणीही तेच लिहिलं असतं. “मॅडम, जिला दोनदा हे औषध चाललं, तिचा तिसऱ्यांदा जीव जाऊ शकतो, पुस्तकात आहे तसं,” तो म्हणाला, “पण इतक्या झपाट्यानं जाताना मी ऐकलं नव्हतं.” बोलताना तो सारखा स्वतःचा चष्मा पुसत होता.

निघताना वॉर्डातल्या आयानं मला जिन्यात गाठलं. “मी सांगितलं म्हणून सांगू नका. पण मयत बघायला घरचे आले ना, तेव्हा नवरा खांबासारखा उभा. डोळ्यात टिपूस नाही. आणि दीर मात्र भिंतीवर डोकं आपटून घेत होता. दोघातिघांनी धरला त्याला. वहिनीसाठी एवढं कोण रडतं, तुम्हीच सांगा.”

३

आता माझ्या नाकाला वास लागला. एका घरात दोन भाऊ, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा. गेलेली ती थोरली. त्यात दिराचं आणि थोरल्या भावजयीचं काही असेल, धाकटीला ते कळलं असेल, तर तापाच्या बाईला घरूनच काही पाजून पाठवलं नसेल कशावरून? नर्सला वाचवणारा असा एक तरी धागा मला हवाच होता.

घर म्हणजे गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. मधे पडदा. पडद्याच्या अलीकडं थोरल्याचा संसार, पलीकडं धाकट्याचा. थोरला भाऊ ट्रकवर क्लीनर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. धाकट्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो मिळेल ते ओझं उचलायचा. त्याची बायको, म्हणजे धाकटी, चार घरची भांडी घासायची. नियमित पगार एकाच माणसाचा, थोरलीचा. आणि ती गेली होती.

थोरला भाऊ माझ्याशी नीट बोलला. इतका नीट की मला राग आला. “ताप होता बाई. सुट्टी होती म्हणून गेली. आता नशिबापुढं काय?”

धाकटा दाराशी उकिडवा बसला होता. कपाळावर अजून जखम होती.

“वहिनीचा तुम्हाला फार लळा होता म्हणे,” मी खडा टाकला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं, पण ‘वहिनी’ हा शब्द काही त्याच्या घशातून वर येईना. मग तो उठला आणि नळावर जाऊन बसला.

धाकटी पडद्याशी मुलीचा झगा शिवत बसली होती. चेहरा सुकलेला, पदर कपाळापर्यंत. झग्याची कड ती न बघता दुमडत होती आणि सुई सरसर चालत होती. डाव्या तर्जनीचं नख मधोमध दुभंगून पुन्हा वाढलेलं होतं, त्यावर उभा कंगोरा आला होता. प्रश्नांची उत्तरं तिनं एकेका शब्दात दिली. दिराभावजयीचं मी आडून विचारलं, तेव्हा तिनं सुई थांबवून माझ्याकडं असं बघितलं की मलाच खजील वाटलं.

“असलं काही नव्हतं,” ती म्हणाली. “त्या दोघांत असलं काही नव्हतं. चांगली होती ती.”

मग तिनं मुलीला पुढ्यात ओढून वेणी घालायला घेतली. पाच-सहा वर्षांची मुलगी, धाकटीचीच. तिनं मान झटकली.

“आई अशी नाही घालत.”

“आज अशी घालूया,” धाकटी हळूच म्हणाली.

पोरीनं वेणी सोडवली आणि पळत जाऊन नळावर बापाच्या पाठीला चिकटली. मला वाटलं, पोरं आईला छळायला काहीही बोलतात.

घरात काही खायला-प्यायला घालून पाठवलं असावं, याचा मागमूस नव्हता. शुक्रवार परवावर आला होता. दिराचं रडणं सोडलं तर माझ्या हाती काही नव्हतं, आणि रडण्यावर समिती नर्सला सोडणार नव्हती.

४

शिलाई कारखान्यात सगळ्या मशीन एकदम चालत होत्या, त्यामुळे सुपरवायझर मला ओरडूनच सांगत होती. जाड भिंगांची, मनानं मऊ बाई. थोरलीची मशीन अजून रिकामी ठेवली होती तिनं.

“काज करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कधी खाडा नाही. आजारी पडायची तीसुद्धा साप्ताहिक सुट्टीला!” हे तिनं कौतुकानं सांगितलं. “आमच्यातल्या मोजक्याच बायका कायम आहेत, बाकी रोजावर. कायम झाली की कार्ड मिळतं. नवरा-बायको, पोरं, म्हातारे सासू-सासरे, सगळ्यांना हॉस्पिटल फुकट.”

“बहीण? जाऊ?”

“छे. बहिणीला कोण देतं?”

“हे इंजेक्शन तिला पूर्वी कधी दिलं होतं, आठवतंय?”

“आठवतंय म्हणजे? मीच घेऊन गेले होते. सुई गेली होती ना तिच्या बोटात.” सुपरवायझरनं आपली डावी तर्जनी माझ्या नाकापुढं धरली. नख मधोमध उभं चिरलेलं होतं. “हे माझं. नखातून सुई आरपार गेल्याशिवाय आमच्यात कोणी कामगार पक्की होत नाही. जन्मभर खूण राहते. तिचं तर पिकलं होतं, म्हणून ती इंजेक्शनं. कसल्याही त्रासाशिवाय पार पडली बिचारी.”

मशीनचा आवाज चालूच होता. मी तिचं बोट हातात धरून तशीच उभी राहिले. मग रिक्षा केली आणि शवागारात जाऊन चादर पुन्हा खाली ओढली.

दहाच्या दहा नखं गुळगुळीत होती. ज्या बाईच्या मृत्यूसाठी नर्स घरी बसणार होती, ती बाई इथं नव्हतीच.

५

मी पुन्हा त्या दोन खोल्यांत गेले, तेव्हा घरात तिघंही होते. पोरगी शेजारी खेळत होती. मी पडद्याशी बसलेल्या बाईसमोर टेकले आणि म्हटलं, “डावा हात दाखव.”

तिनं तो पदराखाली घेतला.

“राहू दे,” मी म्हटलं. “मी काल बघितलाय. मशीनवाली थोरली तू आहेस. तिकडं गेली ती धाकटी, भांडी घासणारी. तिच्या बोटांच्या बेचक्या पाण्यानं गेल्या होत्या आणि नखावर ओरखडा नव्हता. दीर वहिनीसाठी रडत नव्हता, नवरा बायकोसाठी रडत होता, फक्त त्याला ते म्हणता येत नव्हतं. पोरीनं तर तोंडावर सांगितलं मला, आणि मी मोठी शहाणी, मला कळलं नाही. आणि नर्सला ती पाढे म्हटल्यासारखी उत्तरं देत होती, कारण ते दुखणं तिचं नव्हतंच. तुझं होतं. तिनं ते पाठ केलं होतं.”

थोरला भाऊ उठला आणि त्यानं आधी दार लावलं. धाकटा तिथंच भिंतीशी बसून हमसाहमशी रडायला लागला. कितीतरी दिवसांनी घरात त्याला तेवढी मोकळीक मिळाली होती.

“बाहेरच्या डॉक्टरकडं ती आधी गेली होती,” थोरली म्हणाली. आवाज अगदी सपाट. “तपासण्या लिहून दिल्या त्यांनी. एवढे कुठून आणायचे? मग कार्डावर न्यायला लागलो. फोटोत कोणीही खपतं, आम्ही तर बहिणी. पण मी मशीनवर असताना माझ्याच नावानं ती हॉस्पिटलात कशी असणार? म्हणून सुट्टीपर्यंत थांबायचं. ताप सोमवारी आला तरी रविवारीच जायचं. या वेळीही तशीच थांबली. तापात घरोघरची भांडी घासत थांबली. खाडा केला की ती लोकं दुसरी बाई बघतात.”

“आणि पाठांतर?”

“आदल्या रात्री बसवायची मी तिला. माझं वय सांग. माझं दुखणं सांग. मला काय झालं होतं, काय टोचलं होतं. एकदा ती अडखळली होती तर कारकुनानं संशय घेतला होता, तेव्हापासून मी पक्कं करून घ्यायची. म्हणायची, फाइलमधलं काहीही विचारलं तरी नाही म्हणू नकोस. नाही म्हणालीस की माझी नोकरी गेली.” ती थांबली. “लहानपणी तिला एकदा इंजेक्शननं सूज आली होती. आई सांगायची, हिला सुई सोसत नाही. कसली सुई, ते आईलाही ठाऊक नव्हतं. मला आठवत होतं हो ते. आठवत असून मी तिला सांगितलं, विचारलं तर हो म्हण.”

मला जे बोलायचं होतं ते बोलवेना, पण शुक्रवार उद्यावर होता.

“नर्सला काढतायत,” मी म्हटलं.

“बाई, हात जोडतो,” थोरला भाऊ म्हणाला. “ही जिवंत आहे म्हटलं की नोकरी जाईल, कार्ड जाईल, वर फसवणुकीची केस. कागदावर मेलेली असली तर निदान कारखान्याकडून काहीतरी येईल. त्यातून पोरीचं करू आम्ही. नर्सला काय, दुसरीकडं कुठंही नोकरी लागेल.”

“परवाना गेल्यावर कुठं लागणार?”

थोरलीनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. “नर्सच्या घरी कोण आहे?” तिनं मला विचारलं.

“म्हातारी आई. अंथरुणात.”

“आणि कमावतं?”

“तीच एकटी.”

थोरलीनं झगा घडी करून बाजूला ठेवला. बराच वेळ ती त्यावर हात फिरवत राहिली. काय ठरवते आहे ते मला कळेना, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. मी नुसतंच सांगितलं की मला दिसलं ते मी लिहिणार आहे. ती समितीपुढं आली नाही तरी लिहिणार आहे, पण कागदावर एक मेलेली बाई असताना माझ्या शब्दाला किती किंमत, हे मलाही माहीत नाही.

६

समितीच्या खोलीत पंखा होता आणि पाण्याचे ग्लास झाकून ठेवले होते. नर्स भिंतीशी उभी. मी नखांबद्दल बोलले, हातांबद्दल बोलले. अधीक्षक म्हणाले, “नखांवरून आम्ही माणसं बदलायची का? नवऱ्यानं ओळख पटवून सही केली आहे.” औषधभांडारवाला मोठ्यांदा हसला. समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळात बघितलं.

तेव्हा दार उघडलं. थोरली आत आली. तिच्यामागं दोघे भाऊ होते. थोरल्याची मान खाली होती, पण तो आला होता.

“जिचं कार्ड आहे ती मीच,” ती म्हणाली. “मी मेलेली नाही. मेली ती माझी बहीण. तिला मी पढवून पाठवलं होतं. या बाईंनी तिला नीट विचारलं होतं, तिनं माझं उत्तर दिलं. यांची काही चूक नाही.”

मग अधीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, “मग इतकी वर्षं तुमच्या बहिणीवर झालेला खर्च कोणी भरायचा?”

मला त्या क्षणी त्या झाकलेल्या ग्लासांपैकी एक उचलून त्यांच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला. मी केला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नर्स भिंतीपासून सुटली आणि थोरलीजवळ गेली. दोघी एकमेकींचे दंड धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग धाकटा पुढं झाला आणि कारकुनाला म्हणाला, “बॉडी माझ्या ताब्यात द्या. मी नवरा आहे तिचा.”

७

नर्स त्याच आठवड्यात कामावर परतली. कारखान्यानं थोरलीला काढलं. सुपरवायझर दोन दिवस साहेबांच्या दारात उभी राहिली, पण उपयोग झाला नाही. कार्ड गेलं. फसवणुकीची केस तेवढी राहिली होती, आणि ती होऊ नये म्हणून नर्सनं अधीक्षकांकडं इतक्या खेपा घातल्या की शेवटी ते कंटाळले. केस करणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. निरोप पोचवायला मीच निघाले.

घरी कळलं, थोरली कामावर गेलीय. धाकट्यानं दिलेल्या पत्त्यावर गेले तर ते तिसऱ्या मजल्यावरचं प्रशस्त घर होतं. दार मालकीणबाईंनी उघडलं. हसतमुख, बोलघेवड्या.

“आमच्या बाईला भेटायचंय? या ना, आत आहे. फार वर्षं झाली आमच्याकडं. एकदम विश्वासाची. मधे थोडे दिवस आली नव्हती, बहीण वारली म्हणे. हल्ली गप्प गप्प असते जरा, तेवढंच.” आणि त्या फोन वाजला म्हणून आतल्या खोलीत गेल्या.

थोरली मोरीशी भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढं बसली होती. मी निरोप सांगितला. तिनं नुसती मान हलवली.

“यांना सांगितलं नाहीस, तू धाकटी नव्हेस म्हणून?” मी हळू आवाजात विचारलं.

“पहिल्या दिवशी सांगणार होते. दारात उभी राहिले, तर त्यांनी आतूनच तिच्या नावानं हाक मारली.” तिनं एक पातेलं उचलून त्याला राख लावली. “मी ओ दिली. मग आत येऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं, भांडी दाखवली आणि गेल्या.”

“रागावलीस?”

“पहिल्यांदा आला राग. इतकी वर्षं त्यांच्या घरात राबली आणि चेहरासुद्धा लक्षात नाही म्हणून.” आतून मालकीणबाईंनी कसलीशी हाक मारली. थोरलीनं ‘आले’ म्हटलं, आणि हात तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

“बाहेर सगळ्यांना कळलंय, बाई, ती गेली म्हणून. या एका घरात ती अजून रोज कामाला येते. राहू दे की तेवढी.”